चौथा दूषित नमुना

“मावशी, परत तुमचंच आलंय.”

मावशीला ऐकू आलं होतं, पण हातातलं काम आधी संपवायचं होतं. मऊ ब्रशनं ती एका मणक्याच्या खाचेतला राखाडी गाळ काढत होती. तो निघाला, खाली पडणारं पाणी स्वच्छ झालं, मग तिनं मणका जाळीवर पालथा ठेवला, नळ बंद केला आणि वळून पाहिलं. दारात तपासनीस मुलगी उभी होती. चार महिन्यांपूर्वीच कामाला लागलेली, बारीक अंगाची, जे सांगायला आली ते तिला जड जात होतं हे चेहऱ्यावर दिसत होतं.

“कुठलं?” मावशीनं विचारलं.

“उजव्या दंडाचं. गेल्या महिन्यात वर आलेलं. तीन वेगवेगळ्या जागांवरून पूड काढून पाहिली. तिन्ही वेळा तुमचीच खूण.”

मावशीनं हातमोजे काढून डब्यात टाकले. हात पुन्हा साबणानं धुतले. खरं तर हात मोज्यांत होते, त्यांना काही लागलेलं नव्हतं. पण अशा वेळी दुसरं काय करावं ते तिला सुचत नसे.

“लिहा मग,” ती म्हणाली. “दूषित.”

अकरा वर्षांत ही चौथी वेळ होती.

डोंगरामागे खाण होती. खाणीचा ओला गाळ अडवायला बांध घातला होता, आणि तेरा वर्षांपूर्वी एका सकाळी तो फुटला. खाली कामगारांच्या बराकी होत्या. रात्रपाळी सुटून माणसं अंथरुणाला पाठ टेकत होती, दिवसपाळीची डबे भरत होती. तीनशे बारा माणसं गेली. गाळ पुढे वाळून दगडासारखा घट्ट झाला, आणि दर वर्षी त्याचा एक तुकडा यंत्रानं खणायचा असं ठरलं. माणूस असा अखंड कुणी मिळत नसे. बरगडी एका वर्षी, मांडी तीन वर्षांनी, तीही अर्ध्या कोसावर. ती हाडं या बसक्या इमारतीत यायची. मावशी ती धुवायची, वाळवायची, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी बांधायची. पुढचं काम आतल्या खोलीतल्या शिकलेल्या माणसांचं.

ते काम काय असतं हे मोठे साहेब प्रत्येक नव्या नोकराला एकदा समजावून सांगत, आणि मावशी ते इतक्यांदा ऐकत आली होती की तिला पाठच झालं होतं. माणसाच्या अंगात दोन खुणा अशा असतात की त्या मागच्या पिढ्यांचा पत्ता सांगतात. एक बापाकडून मुलाला जाते, त्या मुलाकडून त्याच्या मुलाला. लेकींना ती मिळतच नाही. दुसरी आई देते, सगळ्या लेकरांना देते, पण ती पुढे नेतात फक्त लेकी. वर्षानुवर्षं ओल्या गाळात पडलेल्या हाडात बापाची खूण बहुतेक मरते, कारण ती पेशीत एकुलती एक असते. आईची शेकड्यांनी असते, म्हणून कुठे ना कुठे तग धरून राहते. “तेव्हा आपलं सगळं आईवर चालतं,” असं म्हणून साहेब थांबत आणि नवा नोकर हसला की पुढे बोलत.

पुढचा भाग नियमाचा. हाडाला हात लावणाऱ्या प्रत्येकानं कामावर लागताना गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून आपली खूण देऊन ठेवायची. हाडातून खूण निघाली की ती आधी या नोकरांच्या यादीशी ताडायची. तिथे जुळली, तर हाडाला कुणाची तरी थुंकी किंवा घाम लागला असं धरून नमुना दूषित ठरवायचा. जुळली नाही, तरच नातेवाइकांची यादी उघडायची. दूषित हाडाची चिठ्ठी काढून टाकायची आणि ते बिनओळखीच्या हाडांबरोबर वर्षातून एकदा येणाऱ्या गाडीत भरायचं. गाडी टेकाडापलीकडच्या मोठ्या खड्ड्याकडे जाई. दर वर्षीच्या थरावर सिमेंटची लादी.

पहिल्या वेळी साहेबांनी मावशीला नुसतं समजावलं होतं. दुसऱ्या वेळी लेखी समज दिली. तिसऱ्या वेळी तीन महिने ब्रश काढून घेतला आणि फरशी पुसायला लावलं. ते तीन महिने तिला अन्न गोड लागलं नव्हतं. त्यानंतर ती दोन-दोन मोजे चढवायची, मास्कवर मास्क बांधायची, काम करताना कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. भांडारातला म्हातारा, हाडांच्या पेट्या सांभाळणारा, तिची टिंगल करायचा.

“मावशी, किती धुता हात. रेषा पुसून जातील हो. मग ज्योतिषाला काय दाखवाल?”

“तुमचा दाखवीन.”

“माझ्या हातात काय आहे? पेट्या.”

आजही तो दारातून डोकावला, पण मुलीच्या हातातला कागद पाहून आल्या पावली निघून गेला.

मावशी त्या संध्याकाळी घरी गेली तेव्हा आई खाटेवर बसली होती. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत आईची खाट, मागे चूल. नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून मावशी इथेच होती. आईची नजर आता फार अंधूक झाली होती, पण पायांचा आवाज तिला बरोबर कळे.

“आज?” आईनं विचारलं.

“नाही.”

“बरं.”

हा एवढाच संवाद अकरा वर्षं चालला होता. त्यात कधी एक शब्द कमी झाला नाही की जास्त झाला नाही.

आई ज्याची विचारपूस करायची तो मावशीचा धाकटा भाऊ. दहा वर्षांनी लहान, खाणीत वेल्डर. बांध फुटला तेव्हा पंचवीसचा होता आणि त्याच्या लग्नाचं बघायला नुकती सुरुवात झाली होती. दुर्घटनेच्या पहिल्याच महिन्यात तंबू ठोकून नातेवाइकांचे नमुने घेतले, तेव्हा आईनं तोंड उघडून आपला नमुना दिला होता. पुढे हाडं धुवायला माणसं हवी आहेत असं कळलं आणि मावशीनं अर्ज केला. अर्जात एक रकाना होता: दुर्घटनेत आपलं कुणी नातेवाईक? नातेवाइकांना कामावर घेत नसत. दुःखानं वेडापिसा झालेला माणूस कुठलंही हाड आपलं म्हणून उचलील, अशी भीती होती. मावशीचं आडनाव सासरचं. तिनं रकान्यात ‘नाही’ लिहिलं.

आत शिरायचं होतं ते त्याच्यासाठीच. लहानपणी भिंतीवरून पडून त्याचा डावा हात मनगटाच्या वर मोडला होता आणि हाड जुळताना तिथे गाठ राहिली होती. भिंतीला लावलेली शिडी तिनंच धरली होती, आणि ती गाठ तिला नीट ठाऊक होती. कोपराखालचं डावं हाड आलं की तिचा जीव गोळा व्हायचा. नळाखाली धरून ती अंगठ्यानं चाचपायची. किती हाडं तिनं अशी चाचपली, त्याला हिशेब नाही. गाठ कधी लागली नाही. आईला मात्र खात्री होती. “दुसऱ्या कुणाला नाही कळलं तरी तुला कळेल,” ती म्हणायची. “अंगाखांद्यावर खेळवलाय तू त्याला.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तपासनीस मुलगी धुण्याच्या खोलीत आली आणि तिनं दार लावून घेतलं. तिथलं दार कधी कुणी लावत नसे.

“मावशी, जरा बसा.”

“ओलं आहे सगळं. उभीच बरी.”

“बरं, ऐका. मला ते पटत नव्हतं. तुमच्यासारखी काळजी इथे कुणी घेत नाही, मी रोज बघते. म्हणून त्या दंडाच्या हाडातून मी बापाकडची खूणही काढून पाहिली. साहेबांना विचारलं नाही. येईल असं वाटलं नव्हतं, पण हाड घट्ट होतं. आली.”

मावशीनं ब्रश खाली ठेवला.

“बापाची खूण आली म्हणजे हाड पुरुषाचं. आपल्या इथल्या एकाही पुरुषाशी ती जुळत नाही. आणि बाईच्या अंगात ती नसतेच, म्हणजे तुमच्या घामातून यायचा प्रश्नच नाही. आता दुसरं बघा. त्या पुरुषाच्या हाडाला तुमचा घाम लागला असता, तर आयांच्या खुणा दोन यायला हव्यात, एकात एक मिसळलेल्या. त्याची एक, तुमची एक. मी चार-चारदा पाहिलं. एकच आहे, अगदी स्वच्छ. म्हणजे ती तुमची नाहीच, मावशी. त्याचीच आहे. त्याची आणि तुमची सारखी आहे.”

बाहेर कुणीतरी पेटी ओढत नेत होतं. तिच्या तळाचा खरखर आवाज खोलीभर आला आणि गेला.

“तुमच्या आईच्या वंशातलं कुणी होतं का तिथे? मामा, मावसभाऊ? लांबचंही असेल. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. शुक्रवारी गाडी येतेय, म्हणून आजच विचारतेय.”

नाही म्हणणं फार सोपं होतं. एकदा लिहिलेलं होतंच. नोकरी राहिली असती, आईचं औषध, घराचं भाडं, सगळं राहिलं असतं. पण मावशीचं मन तिथे नव्हतंच. ते मागे मागे जात होतं, फरशी पुसण्याच्या तीन महिन्यांच्याही मागे.

“आधीची तीन?” तिनं विचारलं.

“कुठली तीन?”

“तुम्ही नव्हता तेव्हा. एक बरगडी होती. एक टाचेचं. आणि एक खुब्याचं, मोठं.” तिनं दोन्ही तळव्यांनी खुब्याच्या हाडाएवढा आकार दाखवला. “तीही माझीच म्हणून आली होती. चिठ्ठ्या मी सोडल्या. गाडीत मीच भरून दिली.”

मुलगी तिच्या त्या दोन तळव्यांकडे पाहत होती.

“भाऊ होता,” मावशी म्हणाली. “सख्खा.”

मोठ्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मुलगी बोलत होती, मावशी खुर्चीच्या कडेवर बसली होती. साहेबांनी तिचा जुना अर्ज मागवला, तो रकाना शोधला आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

“हे तुम्ही लिहिलंय?”

“हो.”

“हे खोटं आहे.”

“हो.”

“तुम्ही इथे नसता, मावशी, तर तुमची खूण यादीत नसती. पहिली बरगडी आली त्याच वर्षी ती तुमच्या आईच्या नमुन्याशी जुळली असती. बाकीची दोन्हीही.” ते चिडलेले नव्हते. बेरीज चुकलेल्या मुलाला दाखवावं तसं बोलत होते, आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आम्हीही विचारायला हवं होतं. तीन वेळा एकाच बाईचं येतं, एकदा तरी विचारायला हवं होतं. यादीचा नियम वरून आला होता, आम्ही फक्त... जाऊ दे.”

मुलीनं तिथेच यंत्रावर नातेवाइकांची यादी उघडली आणि दंडाच्या हाडाची खूण त्यात घातली. पाणी उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. आईचा नंबर आला. बापाच्या खुणेशी ताडायला घरात पुरुष उरलाच नव्हता, पण आईची खूण आणि बेपत्ता माणसांची यादी एवढं पुरेसं होतं. त्या खुणेचं दुसरं कुणीही त्या तीनशे बारांत नव्हतं.

“तुमच्यावरच्या त्या जुन्या तिन्ही नोंदी मी रद्द करतो,” साहेब म्हणाले. “तुमच्या कागदांवर डाग नको.”

“राहू द्या, साहेब. फाडून काय मिळणार? कामावर तर तुम्ही ठेवू शकत नाही.”

साहेबांनी नाही म्हणून मान हलवली.

मावशी भांडारात गेली. म्हाताऱ्याला बातमी आधीच कळली होती. ती शिरली तसा तो स्टुलावरून उठून उभा राहिला. अकरा वर्षांत तो तिच्यासाठी कधी उठला नव्हता.

“खड्ड्यात कुठल्या अंगाला असतील?” तिनं विचारलं.

“वर्ष सांगता येईल. वर्षाचे थर आहेत.” तो अडखळला. “पण थरात कुठे, ते कसं सांगू? गाडी मागून उचलतात, मावशी. ओततात.”

“लादी काढतात का कधी?”

“नाही. आणि काढली तरी चिठ्ठ्या नाहीत ना.”

चिठ्ठ्या नाहीत हे मावशीलाच सगळ्यांत चांगलं माहीत होतं. गाठ ओली असली की सुटत नसे, मग ती नखानं सोडवायची. कात्री लावलेली साहेबांना चालत नसे.

तिनं एप्रन घडी करून खिळ्याखालच्या फळीवर ठेवला. धुण्याच्या जाळीवर चार मणके वाळत होते. ते आता दुसरं कुणी पालटणार होतं. ती मागच्या दारानं निघाली आणि इमारतीला वळसा घालून रस्त्यानं पुढच्या दाराशी आली, कारण नातेवाइकांची वाट तिथून होती.

पुढच्या खोलीत ती कधी बसली नव्हती. भिंतीला लागून बाकं होती, एका खिडकीमागे कारकून होता. बाकावर एक म्हातारा टोपी मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं तिला जागा दिली.

“पहिल्यांदाच?” त्यानं विचारलं.

“हो.”

“माझी पाचवी खेप. सुनेचे तुकडे आणतोय. हात आले, पाय आले. गेल्या साली जबडा आला, दात सगळे जागच्या जागी.” त्यानं मांडीवरची टोपी सरळ केली. “एक मात्र म्हणेन. हाडं फार स्वच्छ देतात हो इथे. कोण धुतं कुणास ठाऊक, पण माणूस मनापासून धुतो.”

मावशीनं मान खाली घातली.

कारकुनानं नंबर पुकारला. तो तिला रोज येता-जाता बघत असे, पण त्याच्यापुढे फॉर्म होता आणि फॉर्म भरल्याशिवाय त्याचं चालत नव्हतं.

“मयताशी नातं?”

“बहीण.”

“ताब्यात काय मिळालं, ते वाचून सही करा.”

कागदावर लिहिलं होतं, उजव्या दंडाचं हाड, एक, अखंड. मावशी अक्षरं सावकाश जुळवत वाचायची. तिनं दोनदा वाचलं आणि सही केली. खिडकीतून पुठ्ठ्याची लांबट पेटी बाहेर आली. उघडून बघायचं असेल तर बघा, पण इमारतीत हात लावू नका, असं कारकून म्हणाला. नियमच तसा होता. तिनं उघडली नाही. आत काय आहे ते तिनं महिनाभरापूर्वी नळाखाली धरून पाहिलं होतं. वरच्या टोकाची गोलाई, खालच्या टोकाची खाच, मध्ये गाळ अडकला होता तो ब्रशनं काढला होता. उजवा दंड, यात गाठ नसणार, एवढं म्हणून जाळीवर ठेवून दिलं होतं. हातानं काहीच सांगितलं नव्हतं.

घरी पोचली तेव्हा ऊन अजून उंबऱ्यात होतं. आईनं पाऊल ओळखलं आणि वेळही ओळखली.

“एवढ्यात कशी आलीस?”

मावशी खाटेजवळ जमिनीवर बसली. पेटी मांडीवर होती.

आई थोडा वेळ तिच्या श्वासाकडे कान देऊन होती. मग नेहमीचा प्रश्न तिनं विचारला, पण आवाज अगदीच खाली आला होता.

“आज?”

“हो.”

आईचे हात गोधडीवर होते ते तिथेच राहिले. “सगळा?”

“नाही. एक हाड. उजव्या दंडाचं.”

“बाकीचा कुठे?”

वाटेत मावशीनं ठरवलं होतं की बाकीचा अजून गाळात आहे म्हणून सांगायचं. म्हाताऱ्या जिवाला काय कळणार आहे, आणि कळून काय होणार आहे. पण एका ‘नाही’नं काय केलं ते तिनं त्याच दिवशी पाहिलं होतं.

“बाकीची तीन हाडं माझ्या हातून गेली,” ती म्हणाली.

तिनं सगळं सांगितलं. अर्जातला रकाना, यादी, चिठ्ठ्या, गाडी, लादी. आईला खुणांचं कळावं म्हणून साहेबांचेच शब्द वापरले, की आईनं दिलेली खूण दोघांत सारखी होती, म्हणून त्याचं हाड तिची चूक म्हणून धरलं गेलं. मध्ये आईनं एकदाही अडवलं नाही. सांगून संपलं तेव्हा ऊन उंबऱ्यावरून सरकून बाहेर गेलं होतं.

“तुला कळलं नाही,” आई म्हणाली. ते विचारणं होतं की नुसतं म्हणणं, कुणास ठाऊक.

“नाही कळलं.”

“चारही वेळा?”

“चारही वेळा.”

शेजारच्या घरात भांडं घासल्याचा आवाज येत होता.

“धुतलं होतंस ना नीट?”

“हो. सगळं. खाचाखोचांतून.”

एका हातानं खाटेची कड धरून आई हळूहळू भिंतीकडे सरकली, पाठ भिंतीला लागेपर्यंत सरकली, आणि रिकाम्या झालेल्या जागेवरची चादर तळव्यानं सपाट करू लागली.